‘थांबा’ सांगितलेली टेप

१

गोणीचं तोंड सोडलं तर अगदी वरच लेबलाचा तुकडा. निळ्या शाईत ‘झोपायच्या आधी’ एवढं वाचता येत होतं, पुढचं कापलं गेलेलं. त्याखाली नुसता चुरा. काळी टेप आणि प्लास्टिक, कितीतरी घरच्या कॅसेटींचं एकत्र. कुठला तुकडा कुणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“मिळेल का यातून काही?” मी विचारलं.

मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्या कारागिराने नुसती मान हलवली. सगळं दुकान त्यांना टेपकाका म्हणतं. ती गोणी त्यांनी इतक्या हळू बांधली की मला उगाच कसंतरी झालं.

मी विमा कंपनीसाठी नुकसानीची चौकशी करते. जळालेली गोदामं, पाणी शिरलेली तळघरं, आणि त्यांच्या आसपास खोटं बोलणारी माणसं. बहीण म्हणते, या धंद्यात तू तिरसट झालीस. तिला काय जातंय म्हणायला.

हे दुकान जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतं. गिऱ्हाईक पुढे काउंटरवर कॅसेट देतं. तिथली ताई कॉम्प्युटरवर त्या कॅसेटचं पान भरते, पावती छापून देते. कॅसेट मागे टेपकाकांकडे जाते. ते तेच पान आपल्या कॉम्प्युटरवर उघडतात आणि त्यात असेल तसं करतात. पानावर एक प्रश्न असतो, ‘मूळ टेपचं काय करायचं?’ त्यावर क्लिक केलं की पर्यायांची यादी खाली उघडते. परत द्या, आमच्याकडे ठेवा, नष्ट करा, असे. त्यातला एक निवडायचा.

या टेपच्या पावतीवर स्वच्छ छापलं होतं, ‘थांबा. विचारल्याशिवाय हात लावू नका.’

आणि टेपकाकांच्या स्क्रीनवर त्याच टेपपुढे होतं, ‘नष्ट करा.’

“सरळ आहे, मॅडम,” मालक म्हणाले. त्यांच्या टेबलावर धूळ नव्हती आणि कामही नव्हतं. “काउंटरवरच्या बाईने चुकीचं निवडलं. बोभाटा झाल्यावर मागाहून दुसरी पावती छापली. मी तिला सांगितलंय, तुमचा अहवाल येईपर्यंत ये. मग येऊ नकोस.”

“ती खोटी पावती गिऱ्हाइकाने का घ्यावी? टेप तर तिचीच गेली.”

“ते तुम्ही शोधा. आमची सिस्टिम पक्की आहे. कोणी पान बदललं की त्याची नोंद राहते. हे बघा, हे पान एकदाच सेव्ह झालंय. नंतर कुणी हात लावलेला नाही.”

मी नोंद बघितली. पान एकदा सेव्ह झालं, त्याच मिनिटाला पावती छापली गेली. पुन्हा पावती छापल्याची नोंद नाही. म्हणजे ती मागाहून छापलेली नव्हती, आणि पानही कुणी बदललेलं नव्हतं. पावती खरी होती आणि स्क्रीनही खरा होता. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं की मालकाच्या तोंडून निघालेली गोष्ट त्यांच्याच कागदाने पाडली होती.

२

टेप होती बालवाडीच्या एका बाईंची. बालवाडी सोडून त्यांना वर्षं लोटली होती, तरी जिन्यात ज्याला विचारलं त्याने “बाई ना, वरच्या मजल्यावर” असंच सांगितलं.

दार त्यांनीच उघडलं. गळ्याला मऊ रुमाल गुंडाळलेला. मी नाव-गाव सांगायला लागले तर त्यांनी बोट वर केलं, फोनवर झरझर काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

‘घशातलं सगळं काढलंय. आवाज नाही. पण मी फार बोलते. तुमचा चष्मा काढून ठेवा, कामाला येईल.’

मी हसले. चौकशीला गेल्यावर मी सहसा हसत नाही.

मग त्यांनी लिहिलं आणि मी वाचलं. घशाचा आजार निघाला तेव्हा लेक पहिलीत होती. ऑपरेशन केलं तर आवाज जाणार, नाही केलं तर जीव. त्यांनी एका दुपारी दारंखिडक्या लावून टेपरेकॉर्डरसमोर बसून लेकीसाठी एक गोष्ट सांगितली. ऑपरेशननंतर लेक रोज ती ऐकून झोपायची. ऐकून ऐकून टेप ओढायला लागली तेव्हा उचलून ट्रंकेत ठेवली, आणि तिथे तिला दमट हवा लागली.

“दुसरं कुठलं रेकॉर्डिंग?”

‘तेव्हा कुठले हो मोबाइल. लग्नाचं शूटिंग होतं, त्यात मी तोंड उघडलेलंच नाही. नवरी ना.’

“आणि आता बोलण्याचं मशीन मिळतं, गळ्याला लावायचं...”

‘मिळालं होतं. त्यातून निघालेला आवाज ऐकून लेक पलंगाखाली लपली. ते कपाटात आहे.’

त्यांनीच पुढचं लिहिलं, आणि या वेळी बोटं सावकाश चालली. लेक आता लांब असते. दिवस गेलेत तिला. गेल्या महिन्यात फोनवर रडत म्हणाली, आई, बाळाला काय सांगू, मला तुझा आवाजच आठवत नाही गं.

म्हणून त्यांनी टेप दुकानात नेली. पान भरायच्या आधीच ताईने ती मागच्या खोलीत दाखवून आणली, तिथून निरोप आला की टेप आतून चिकटलीय. अगदी मंद उबेत ठेवून सोडवावी लागेल. मग वाजेल, पण कदाचित एकदाच. कदाचित तेवढीही नाही.

‘एकदाच वाजणार असेल तर लेक त्या खोलीत हवी. म्हणून मी थांबा म्हटलं. ती शनिवारी येतेय.’

“काउंटरवरच्या ताईने तेच निवडलं? तुम्ही बघितलं?”

‘स्क्रीन वळवून दाखवला तिने. थांबा. मी मान हलवली, मग तिने दाबलं. पावती तिथेच दिली. माझ्यासमोर.’

“मालक म्हणतात, चूक तिची.”

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी बालवाडीतच बसलेय असं वाटलं. मग लिहिलं, ‘भरपाई नको मला. कुणी केलं आणि का, तेवढं शनिवारच्या आत सांगा. लेकीला काय सांगू मी? आणि त्या पोरीवर खापर फोडू नका.’

निघताना मी सहज विचारलं, “तुम्हाला फोन आला तर काय करता?”

‘उचलते. नखाने टकटक करते. माझी माणसं समजतात आणि मेसेज करतात. बाकीचे हॅलो हॅलो करून ठेवून देतात.’

३

काउंटरवरची ताई माझ्यासमोर बसली ती हातात हात घट्ट धरून. पस्तिशीची असेल. रडून झालेलं होतं, आता डोळे कोरडे होते.

“मी थांबाच निवडलं, मॅडम. दुसरं काही सांगता येणार नाही मला. शंभरदा विचारा.”

“शंभरदा विचारायला मला पगार नाही मिळत. एकदाच नीट सांग. चुकून वरचा पर्याय दाबला गेला असेल?”

“मग पावतीवर वरचाच आला असता. पावतीवर जे निवडलेलं दिसतं तेच छापतं.”

खरं होतं. मी वहीत लिहून घेतलं.

“मालकांशी तुझं काही वाकडं?”

“नाही हो. ते फक्त...” ती घुटमळली. “त्यांचा भाचा ही वेबसाइट बघतो. सिस्टिममध्ये खोट आहे म्हटलं तर भाच्यावर येतं. टेपकाका इथे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. मग राहिलं कोण?”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी प्रत्येक दुकानात बघितलंय.

“नोकरी गेली तर?”

“दुसरी मिळेलही. पण लोक आम्हाला काय काय देतात, मॅडम. गेलेल्या माणसांचे आवाज देतात. इथून असं नाव घेऊन बाहेर पडले तर माझ्या हातात कोण काय देईल? घरी सासरे विचारतात, खरं सांग, तुझ्याकडूनच झालं का. ते विचारतात म्हणजे...”

मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. मग, गप्पा मारल्यासारखं, विचारलं की हा ‘थांबा’ पर्याय लोक किती वेळा घेतात.

“पुष्कळदा. आधी नव्हताच तो. आधी चारच होते. परत द्या, आमच्याकडे ठेवा, संग्रहाला द्या, नष्ट करा. लोक काउंटरवर उभे राहायचे आणि त्यांना ठरवता यायचं नाही. एक आजोबा मुलाची कॅसेट घेऊन आले होते. परत नेववत नाही म्हणाले, टाकववतही नाही. अर्धा तास उभे. मागे रांग. मग मीच मालकांना म्हटलं, एक ‘थांबा’ असूदे यादीत. भाच्याने घातला उन्हाळ्यात. ते आजोबा परत आले, त्यांनी तोच घेतला. तेव्हापासून बरं झालं. लोक सुटल्यासारखे जातात.”

एवढं सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

४

टेपकाकांच्या खोलीला खिडकी नाही. भिंतभर टेपरेकॉर्डर, काही माझ्या वयाचे. कोपऱ्यात चुरा करायचं मशीन, त्याच्याजवळ कॅसेटींनी भरलेला क्रेट.

“स्क्रीनवर नष्ट करा होतं, केली,” ते म्हणाले. “मला त्याचा काय आनंद आहे का, बाई?”

“न वाजवलेली टेप कोण कशाला नष्ट करायला सांगेल? असं वाटलं नाही?”

“वाटलं की. पण अलीकडे लोकांचं काही सांगता येत नाही. पूर्वी वर्षाकाठी एखाददुसरी टेप नष्ट करायला यायची. आता हा क्रेट बघा, रिकामा केला की परत भरतो. उन्हाळ्यापासून नुसता पाऊस लागलाय. आईबापांचे आवाज, पोरांचे पहिले बोल, घाला मशीनमध्ये. माणसांना माया उरली नाही.”

“आणि ‘थांबा’वाल्या किती?”

“कसल्या थांबा?”

“यादीतला पाचवा पर्याय. थांबा, विचारल्याशिवाय हात लावू नका.”

“हो, आहे खरा तसा यादीत. पण ते लिहिलेली टेप माझ्याकडे आजवर एक आली नाही. कोणाला थांबायचंच नाही हल्ली.”

मी पेन खाली ठेवलं. पुढे ती पोरगी सांगतेय पुष्कळ, मागे हा म्हातारा सांगतोय एकही नाही. दोघांच्या मध्ये एक पातळ भिंत आणि एक दार.

“काका, पण तुमच्या मनात शंका आली होती ना या टेपबद्दल?”

त्यांनी क्रेटवर हात ठेवला. मग म्हणाले, “आली होती. लेबल वाचून आली. झोपायच्या आधी. लहान पोराचं असणार. मालकांना फोन केलेले आवडत नाहीत, म्हणतात लोक विचार बदलतात आणि काम लांबतं. तरी मी केला. पुढच्या लँडलाइनवरून.”

“बाईंना फोन केलात?”

“कोण होतं काय माहीत. उचलला, पण बोलेनात. मी हॅलो म्हटलं, परत हॅलो म्हटलं. नुसती टकटक ऐकू येत होती. म्हटलं लाइन खराब दिसतेय. ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत फोन करणार होतो. पण मालक क्रेट बघून ओरडले, हे अजून पडलंय कसं म्हणून. मग...”

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. “बाई, काय झालं?”

मला खोटं बोलता येतं. धंद्याचा भाग आहे. पण त्या माणसाशी बोलता येईना. “त्यांना बोलता येत नाही, काका. आवाज गेलाय त्यांचा. टकटक त्याच करत होत्या.”

टेपकाका उभे होते ते स्टुलावर बसले. जन्मभर त्यांनी कान देऊन जुन्या टेपांतले आवाज वेगळे काढले होते. ते बसूनच राहिले आणि मी त्यांच्याजवळ उभी राहिले, कारण त्यांना एकटं सोडून जाववेना.

५

समजा तिघंही खरं बोलतायत, असं मी धरून चालले. माझ्या धंद्यात हे धरायला हिंमत लागते. बाई खरं बोलतायत, ताईने समोर निवडलं. ताई खरं बोलतेय, पावती साक्षीला आहे. काका खरं बोलतायत, त्यांना कधी ‘थांबा’ दिसलंच नाही. आणि नोंद सांगते की मध्ये कुणी पान बदललेलं नाही. मग बदल कुणी माणसाने केलेलाच नाही.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक कोरी कॅसेट आणली. काउंटरवर जाऊन ताईला म्हटलं, “हे गिऱ्हाईक आलंय असं समज. माझं पान भर. टेपचं काय करायचं, तर थांबा.”

तिने भरलं. मी काउंटरच्या आत तिच्या खांद्याशी उभी होते. यादी खाली उघडली, तिने सर्वांत शेवटचा पर्याय निवडला. ‘थांबा’ असं स्वच्छ दिसलं. सेव्ह केलं. पावती निघाली, त्यावर ‘थांबा’.

“चल माझ्याबरोबर.”

आम्ही दोघी मागच्या खोलीत गेलो. मालकही आवाज ऐकून आले. मी काकांना म्हटलं, “या पावतीचं पान उघडा.”

काकांनी नंबर टाकला. पान उघडलं. नाव माझं, फोन माझा, तारीख आजची. खाली प्रश्न, मूळ टेपचं काय करायचं?

नष्ट करा.

ताईने पावती स्क्रीनला लावून धरली आणि परत परत वाचली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या क्रेटकडे गेली, आणि मला कळलं की तिला काय कळलंय.

“काका,” ती म्हणाली, “ह्या सगळ्या?”

टेपकाका उठले. मशीनची पिन त्यांनी भिंतीतून उपटली आणि क्रेट उचलून छातीशी धरला. मालक म्हणाले, अहो जरा शांतपणे घ्या, पण त्यांच्याकडे कुणी बघितलंही नाही.

६

भाचा संध्याकाळ व्हायच्या आत आला. बारीक पोरगा, बॅग अजून खांद्यावर. आल्या आल्या म्हणाला, “सिस्टिममध्ये प्रॉब्लेम असूच शकत नाही. मी टेस्ट केलंय.”

“काय टेस्ट केलंस?”

“नवा पर्याय घातला, निवडला, पावती काढली. बरोबर आली.”

“सेव्ह केलेलं पान परत उघडून बघितलंस?”

“ते कशाला? ते तर आधीपासून चालतच होतं.”

“मग आता उघड. आणि माझ्यासारख्या अडाणी बाईला समजेल असं सांग. हे पान परत उघडतं तेव्हा यादीतलं काय दाखवायचं, ते त्याला कसं कळतं?”

तो लॅपटॉप उघडत बोलायला लागला. बोलायला सोपं होतं, आपल्या विषयातलं होतं. “यादीत दिसतात ते शब्द फक्त माणसांसाठी असतात. प्रत्येक पर्यायामागे एक नंबर लपवलेला असतो. त्याला व्हॅल्यू म्हणतात. परत द्या म्हणजे एक, आमच्याकडे ठेवा म्हणजे दोन, असं. सेव्ह होतो तो नंबर, शब्द नाही.”

“आणि परत उघडल्यावर?”

“पान तुमच्या कॉम्प्युटरवर उघडलं की माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालते. ती सेव्ह केलेला नंबर उचलते आणि यादीला सांगते, ज्याच्यामागे हा नंबर आहे तो पर्याय निवडून दाखव. यादी वरून खाली बघत येते आणि नंबर जुळला की...”

“की?”

“की तिथेच थांबते. पहिला जुळेल तो.”

त्याने यादीचा कोड उघडला होता. पाच ओळी. मीसुद्धा वाचू शकत होते. चौथ्या ओळीत नंबर चार, पुढे ‘नष्ट करा’. पाचव्या ओळीत पुढे ‘थांबा’, आणि नंबर चार.

“चौथी ओळ कॉपी केलीस,” मी म्हटलं, “खाली चिकटवलीस, शब्द बदललेस. नंबर बदलायचा राहिला.”

त्याने त्या दोन ओळींवर बोट ठेवलं, आणि मी पुढे बोलले.

“काउंटरवर माणूस स्वतः पाचवी ओळ निवडतं, म्हणून पावतीवर ‘थांबा’ छापतं. आत मात्र चार जातो. मागच्या खोलीत पान उघडलं की स्क्रिप्ट चार शोधते, आणि पहिला चार ‘नष्ट करा’चा. म्हणून काकांना ‘थांबा’ कधीच दिसलं नाही आणि नष्ट करायच्या टेपा उन्हाळ्यापासून वाढल्या. उन्हाळ्यातच तू ती ओळ घातलीस. आजवर कुणी भांडायला आलं नाही, कारण ज्यांनी थांबा सांगितलं ते बिचारे घरी थांबलेत. बालवाडीच्या बाईंची लेक यायची होती म्हणून त्या चौकशीला आल्या, नाहीतर हे असंच चालू राहिलं असतं.”

“मामा, मी मुद्दाम नाही केलं,” भाचा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “एका आकड्याचं काम होतं.”

मालक खुर्चीत बसले. मी त्यांना सांगितलं की चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा बेत असेल तर तसं माझ्या अहवालात येईल, ओरडून क्रेट रिकामा करायला लावला तेही येईल. त्यांनी ताईकडे न बघता म्हटलं, “तू ये उद्यापासून. नेहमीसारखी.”

मला वाटलं होतं, ताईचा जीव भांड्यात पडेल. ती उभी होती तशीच उभी राहिली.

“तो पर्याय मी मागून घेतला होता,” ती म्हणाली. “मी मागितला नसता तर त्या बाईंनी ‘परत द्या’ म्हटलं असतं. टेप आज घरात असती.”

“गप,” मी म्हटलं. “वेड्यासारखं बोलू नकोस.”

क्रेटमध्ये पंधरावीस कॅसेटी निघाल्या. पावत्यांशी ताडून बघितलं तर बहुतेक सगळ्या ‘थांबा’वाल्या. त्या वाचल्या. त्याआधीच्या मशीनमध्ये गेल्या होत्या. आजोबांच्या मुलाची त्यातच होती.

७

शनिवारी मी बाईंकडे गेले तेव्हा ताई बरोबर आली. नको म्हटलं होतं मी. टेपकाकांना यायचं होतं, पण ते जिन्याच्या तळाशी पोचले आणि वर चढले नाहीत. म्हणाले, मी काय तोंड दाखवू, तुम्हीच सांगा. खालीच बाकावर बसून राहिले.

लेक आली होती. प्रवासाने थकलेली, पोटावर हात ठेवून कोचावर बसलेली. आईवरून तिची नजर हलत नव्हती.

मी सगळं सांगितलं. नंबर, ओळ, स्क्रिप्ट, आणि टकटक. टकटकीचं सांगताना बाईंनी डोळे मिटले. त्यांना तो फोन आठवत होता. त्यांनी लिहिलं की कुठल्यातरी कंपनीचा वाटला होता. त्या नंबरवर मेसेज पाठवून बघितला, गेला नाही.

मग ताई पुढे झाली आणि तिने आपलं म्हणणं सांगितलं. की ‘थांबा’ तिनेच घालायला लावलं होतं.

बाईंनी फोन हातात घेतला, काही लिहिलं, पुसलं. परत लिहिलं. ‘मला तो पर्याय बघून बरं वाटलं होतं. तुझं चुकलं नाही.’ ताईने ते वाचलं आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिला फुटलं. बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला लेक.

माझं काम संपलं होतं. मी उठायला हवं होतं, पण पाय निघेना.

“आई,” लेक जरा वेळाने म्हणाली, “मला वाटायचं काहीच आठवत नाही. आता विमानात बसले होते तर एक ओळ आठवली. मुंगी असते ना गोष्टीत, ती म्हणते, ‘अहो, जरा उशी उचला, माझं घर दबतंय.’ असंच होतं ना?”

तिने ते मुंगीसारख्या बारीक आवाजात म्हटलं होतं. बाईंनी मान हलवली, नाही. हात खाली दाबून दाखवला. जाड, खालचा आवाज. रागावलेली मुंगी.

“जाड आवाजाची मुंगी?” लेक हसली. घसा खाली आणून परत म्हणाली.

बाईंनी पुन्हा नाही म्हटलं. तळहात हवेत सावकाश ओढला. इतकं भरभर नाही. लेकीने सावकाश म्हटलं. बाईंनी मान तिरकी केली, जवळपास, आणि दोन बोटांनी कुठलासा शब्द वर उचलून दाखवला. कुठला, ते लेकीला कळेना. ‘उशी’वर जोर देऊन बघितला, नाही. ‘घर’वर दिला, तोही नाही. त्या खोलीत तो आवाज फक्त एकीला ठाऊक होता, आणि तिला काढून दाखवता येत नव्हता.

लेकीचे डोळे भरून आले आणि ओळ अर्ध्यातच तुटली. बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, हात अजून वरच होता.

“परत म्हणते,” लेक म्हणाली.